सार्वजनिक स्वच्छतागृहाचा नळ: आधी टाकीची उंची, मग कॅटलॉग

घरातील नळ दिवसातून तीस-चाळीस वेळा उघडला जातो. बसस्थानकावरचा, देवस्थानच्या आवारातला किंवा पंचायतीच्या सभागृहातला नळ वर्दळीच्या दिवशी पाचशे वेळा उघडला गेला, तरी त्यात नवल वाटण्याचे कारण नाही. म्हणजे घरच्या नळाला जी झीज सोसायला वर्ष लागते, ती या नळाच्या वाट्याला महिन्याभरात येते, आणि तीही अशा हातांनी की ज्यांना तो नळ आपला वाटत नाही. असे असूनही दोन्हींची खरेदी आपण एकाच पद्धतीने करतो. म्हापशाच्या किंवा मडगावच्या दुकानात जायचे, काचेच्या कपाटातल्या चकचकीत नगांवरून नजर फिरवायची आणि ‘यात चांगली कंपनी कोणती?’ असे विचारायचे. हा प्रश्न चुकीचा नाही. तो फार लवकर विचारला जातो, एवढेच. नळापर्यंत पाणी किती दाबाने येते आणि नळ बिघडल्यावर तो कोण उघडणार आहे, या दोन गोष्टी आधी ठरल्या तर कॅटलॉगमधली निम्मी पाने आपोआप बाद होतात.

फोंडा परिसरातील एका देवस्थानच्या नव्या स्वच्छतागृहात मी हे जवळून पाहिले आहे. एकमजली, नेटकी इमारत होती, ग्रॅनाइटच्या ओट्यावर आठ वॉशबेसिन होती आणि प्रत्येकावर सेन्सरचा नळ होता. हात पुढे केला की आतून ‘टक्’ असा आवाज यायचा, करंगळीएवढी धार लागायची आणि हात मागे घेतल्यावर ती थांबेलच याची खात्री नसायची. दोन नळ रात्रभर ठिबकत राहिले, तिसऱ्याने आवाज करणेही सोडले. जत्रेच्या रात्री अखेर दाराजवळ निळे पिंप भरून ठेवले गेले, त्यात दोन मग टाकले गेले आणि आठ सेन्सरच्या साक्षीने लोकांनी पिंपातल्या पाण्याने हात धुतले. नळ बनावट नव्हते, बसवणाराही अडाणी नव्हता. पाण्याची टाकी मात्र त्याच इमारतीच्या स्लॅबवर, जेमतेम फूटभर उंच विटांच्या ओट्यावर ठेवलेली होती आणि सगळी गोम तिथेच होती.

टाकीतल्या पाण्याचा दाब टाकीच्या आकारावर अवलंबून नसतो, तो फक्त उंचीवर अवलंबून असतो. पाण्याची पातळी नळापेक्षा दहा मीटर उंच असेल तर नळाशी सुमारे एक बार (बार हे दाब मोजण्याचे एकक) दाब मिळतो. पाच मीटर असेल तर अर्धा बार. एकमजली इमारतीत स्लॅब तीन मीटरवर, त्यावर टाकी आणि बेसिनचा नळ जमिनीपासून साधारण एक मीटरवर, असा हिशेब केला तर हाती उरते ती अडीच मीटरची उंची, म्हणजे पाव बार. सेन्सरच्या नळात पाणी अडवण्याचे काम विजेवर चालणारी एक बारीक झडप करते, आणि तिच्या आतला रबरी पडदा नीट उघडायला व घट्ट बसायला पाण्याचाच दाब लागतो. अशा बहुतेक नळांना निदान अर्धा बार हवा असतो. हा आकडा माहितीपत्रकात छापलेला असतो. फक्त तो चमकत्या छायाचित्राखाली नसून शेवटच्या पानावरच्या तक्त्यात असतो. एक हजार लिटरच्या जागी दोन हजार लिटरची टाकी आणून हा प्रश्न सुटत नाही, हे समितीच्या बैठकीत पटवून देणे मात्र वाटते तेवढे सोपे नसते.

याच कारणाने दोन माळ्यांच्या शाळेत एक गमतीशीर तक्रार ऐकू येते: तळमजल्यावरचे नळ उत्तम चालतात आणि वरच्या माळ्यावरचे तेच नळ ‘खराब निघाले’. नळ एकाच खोक्यातून आलेले असतात, फक्त वरच्यांना टाकी फार जवळ पडते.

दाबाचा आणखी एक हिशेब लक्षात ठेवण्याजोगा आहे. साध्या छिद्रातून वाहणारे पाणी दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते; दाब चौथ्या हिश्शावर आला तर धार निम्मी होते. पाणी वाचवण्यासाठी नळाच्या तोंडाशी जी जाळी बसवतात, तिच्यावर ‘मिनिटाला तीन लिटर’ असे लिहिलेले असले तरी तो आकडा सहसा तीन बार दाबावरचा असतो. पाव बारवर तीच जाळी मिनिटाला लिटरभरसुद्धा पाणी देत नाही. मग माणूस साबण धुण्यासाठी दुप्पट वेळ उभा राहतो, मागे रांग लागते, आणि दोन महिन्यांत कोणीतरी जाळी काढून खिशात घालतो. पाणी वाचवणे योग्यच आहे, पण कमी दाबाच्या ठिकाणी जाळी त्या दाबासाठी बनवलेली असली पाहिजे.

वाहिनीचा व्यासही इथेच पाहून घ्यावा. आठ नळांना अर्धा इंची पाइपावरून पाणी दिले, तर पहिले दोन नळ जोरात वाहतात आणि शेवटचे दोन नुसते पाझरतात. मुख्य पाइप सव्वा इंची ठेवून प्रत्येक नळासाठी अर्ध्या इंचीचा फाटा काढणे हा बांधकामाच्या वेळी काही हजारांचा प्रश्न असतो. टाइल्स बसल्यानंतर तो फोडाफोडीचा प्रश्न होतो.

आता नळाच्या आत काय असते ते पाहू. जुन्या पद्धतीच्या नळात स्पिंडल फिरवला की रबराचा वॉशर, ज्याला बहुतेक प्लंबर ‘वायसर’ म्हणतात, तो बैठकीवर दाबला जातो. ठिबकायला लागला की लोक तो अधिक जोराने आवळतात, रबर अधिक झिजते आणि शेवटी आटे जातात. परंतु वायसर कोणत्याही गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतो आणि तो बदलायला पाच मिनिटे लागतात. पाव फेरीच्या नळात दोन सिरॅमिक चकत्या एकमेकींवर सरकतात. त्या रबरापेक्षा कितीतरी जास्त टिकतात, जोर लावावा लागत नाही आणि कमी दाबावरही त्या चालतात. त्यांचा शत्रू एकच, गाळ. आपल्याकडे वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि जमीन जांभ्याची. ओपा किंवा साळावलीच्या प्रकल्पातून पाणी शुद्ध होऊनच निघते, पण रस्त्याच्या खोदकामात वाहिनी फुटली, ती जोडली आणि पाणी पुन्हा सुरू झाले की पहिल्या बादलीत तांबूस पाणी येते, हे गोव्यात कोणालाही सांगावे लागत नाही. तो बारीक गाळ टाकीच्या तळाशी बसतो आणि टाकी रिकामी होत आली की नळात उतरतो. चकत्यांमध्ये एक कण अडकला तरी त्यांवर ओरखडा उठतो. म्हणून टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाइपाचे तोंड तळापासून चार बोटे वर ठेवणे, गाळ काढण्यासाठी तळाला वेगळा व्हॉल्व्ह देणे आणि मुख्य पाइपावर उघडून धुता येईल अशी गाळणी बसवणे ही कामे नळाच्या निवडीचाच भाग मानली पाहिजेत.

तिसरा प्रकार म्हणजे दाबल्यावर वाहणारा आणि काही सेकंदांनी आपोआप बंद होणारा नळ. माझ्या मते बहुतेक सार्वजनिक जागांसाठी पहिला विचार याचाच व्हावा, अर्थात दाब पुरेसा असेल तर. याच्या आत एक दट्ट्या आणि एक लहान कप्पा असतो. दट्ट्या दाबला की कप्प्यातले पाणी बाहेर ढकलले जाते आणि मुख्य वाट उघडते. मग एका बारीक छिद्रातून कप्पा हळूहळू भरतो आणि भरला की वाट बंद होते. ते छिद्र जितके बारीक, तितका वेळ पाणी वाहते. त्या छिद्रात गाळ बसला की नळ मिनिटभर वाहत राहतो, म्हणून इथेही गाळणी हवीच. मिनिटाला चार लिटर वाहणारा नळ सहा सेकंद चालला तर चारशे मिलिलिटर पाणी जाते. दोनदा दाबला तर आठशे. मिनिटाला आठ लिटरचा साधा नळ साबण लावताना अर्धा मिनिट उघडा राहिला की तिथेच चार लिटर जातात, आणि बस चुकेल म्हणून धावताना कोणी तो बंद करायला विसरला तर हिशेबाला अर्थच उरत नाही.

सेन्सरच्या बाजूने जो स्वच्छतेचा मुद्दा मांडला जातो, तो बराचसा या दाबून चालवायच्या नळालाही लागू पडतो. फिरवायचा नळ आपण मळक्या हाताने उघडतो आणि धुतलेल्या हाताने त्याच ठिकाणी पकडून बंद करतो. दाबून चालवायच्या नळाला हात लागतो तो फक्त धुण्याआधी. उरलेला फरक एवढ्या मोलाचा आहे का, हे ज्याने त्याने ठरवावे. पंपाने दाब राखलेला आहे, वीज अखंड आहे, बॅटरी बदलणारा कर्मचारी पगारावर आहे, अशा विमानतळासारख्या जागी सेन्सरचे नळ शोभतात आणि चालतातही. आषाढात चार तास वीज नसणाऱ्या वाड्यावरच्या सभागृहात त्यांचे काय होईल, ते वेगळे सांगायला नको.

धातूचा विषय गोव्यात थोडा सविस्तर बोलावा लागतो. घाटावर, सोलापूर किंवा लातूरकडे, नळाचा वैरी म्हणजे बोअरवेलच्या पाण्यातला क्षार. तो जाळीत पांढरा थर धरतो. आपले पाणी सहसा मऊ असते, मात्र हवा खारी असते. पितळी नळावर जो चकाकणारा क्रोमचा थर दिसतो, तो एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. त्याच्याखाली काही मायक्रॉन निकेल आणि मग पितळ. हवेतले मीठ या थरातल्या सूक्ष्म छिद्रांतून आत शिरते, पितळ कळकते आणि हिरवट ठिपके उमटू लागतात. निकेलचा थर जितका जाड, तितका नळ अधिक टिकतो, परंतु दुकानात ठेवलेले दोन नळ पाहून ही जाडी कोणालाच सांगता येत नाही. वजनाचा अंदाज मात्र हाताला येतो. मुठीत घेतल्यावर हलका लागणारा नळ पातळ ओतकामाचा असतो, आणि पुष्कळदा त्याचा दांडा पितळेचा नसून जस्ताच्या स्वस्त मिश्रधातूचा असतो. थर उडाला की असा दांडा बिस्किटासारखा भुगा होतो. जांभ्या दगडाच्या पट्ट्यातील विहिरींचे पाणी बहुधा मऊ आणि किंचित आम्लधर्मी असते. तेही पितळेतले जस्त हळूहळू काढून घेते आणि नळ बाहेरून धड दिसत असताना आतून सच्छिद्र होत जातो.

यावर उपाय म्हणून स्टेनलेस स्टीलकडे वळताना ‘एसएस’ ही दोन अक्षरे पुरेशी समजू नयेत. २०२, ३०४ आणि ३१६ हे या धातूचे प्रतवार प्रकार आहेत. २०२ मध्ये निकेल कमी असते आणि किनाऱ्यावर तो लवकर गंजतो. ३०४ मध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते. फोंडा, डिचोली, सांगे अशा आतल्या भागांत तो पुरतो. ३१६ मध्ये त्यावर दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असते आणि मिठाशी खरा सामना तोच करतो, म्हणून मिरामार, कळंगुट किंवा कोलवा येथील किनाऱ्यालगतच्या स्वच्छतागृहासाठी जादा पैसे मोजून तोच घ्यावा. लोहचुंबक लावून ‘चिकटत नाही, म्हणजे अस्सल’ असे सांगणाऱ्या विक्रेत्यापासून सावध राहावे. २०२ आणि ३०४ या दोघांनाही चुंबक सहसा चिकटत नाही, त्यामुळे त्या परीक्षेत नेमका तोच फरक कळत नाही जो आपल्याला हवा असतो. आणखी एक उलटे वाटणारे सत्य असे की उघड्यावरच्या स्टीलपेक्षा छपराखालचे स्टील लवकर डागाळते, कारण उघड्यावरचे मीठ पाऊस धुऊन नेतो आणि आडोशाचे तसेच साचून राहते. आठवड्यातून एकदा साध्या पाण्याने धुऊन कोरड्या फडक्याने पुसले, तर ते चहासारखे तपकिरी डाग पुष्कळ काळ दूर राहतात.

मिठाहूनही वाईट म्हणजे ॲसिड. फरशीवरचे डाग जावेत म्हणून ओतले जाणारे ॲसिड नळावर उडाले नाही, तरी त्याची वाफ क्रोम आणि स्टील दोन्ही खाते. महिन्याभरात नवा ओटा जुना दिसू लागतो. त्यात कोणी ब्लीचिंग पावडर मिसळली तर क्लोरीन वायू निघतो आणि तो सफाई करणाऱ्याच्याच छातीत जातो. नळ कोणता घ्यायचा हे ठरवणाऱ्यांनी तो कशाने पुसला जाणार आहे, हेही त्याच बैठकीत ठरवावे.

प्लास्टिकच्या, म्हणजे पीटीएमटीच्या नळांना आपण उगीच हीन लेखतो. ते गंजत नाहीत, कळकत नाहीत, आणि भंगारात त्यांना भाव नसल्यामुळे चोरालाही त्यांचे आकर्षण नसते. त्यांच्यासाठी आयएस ९७६३ हे भारतीय मानक आहे. पितळी नळांसाठी आयएस ७८१ आणि आयएस ८९३१ आहेत. बाहेरच्या पाय धुण्याच्या नळाला, शौचकूपातल्या खालच्या नळाला किंवा मैदानाकडेच्या एकाकी नळाला मी बिनदिक्कत पीटीएमटी सुचवीन. उन्हात वर्षानुवर्षे राहिल्यास ते ठिसूळ होतात, पण तोवर पितळी नळ दोनदा चोरीला गेलेला असतो.

शौचकूपाच्या आत निवड वेगळ्या कारणांनी होते. भिंतीवरच्या फ्लश टाकीला दाबाची पर्वा नसते, कारण तिच्यातले पाणी स्वतःच्या उंचीने कोसळते. मात्र सहा लिटरची टाकी मिनिटाला तीन लिटरने भरत असेल तर दोन माणसांमध्ये दोन मिनिटे जावी लागतात, आणि जत्रेच्या रांगेला तेवढा धीर नसतो. थेट पाइपावर बसणारा फ्लश व्हॉल्व्ह लागोपाठ वापरता येतो, परंतु त्याला सव्वा इंची वेगळी वाहिनी आणि बहुधा अर्धा बार दाब लागतो. पुन्हा प्रश्न टाकीच्या उंचीवरच येतो. भिंतीत लपवलेली टाकी दिसायला छान असली तरी तिच्या दुरुस्तीसाठी पुढची पट्टी अलगद काढणारा माणूस लागतो, आणि तो मिळाला नाही की छिन्नी येते. बसून वापरायच्या भांड्यासोबत काही ओरिसा पॅन, म्हणजे उकिडवे बसून वापरायची भांडी, ठेवावीत. अनोळखी बैठकीला अंग लावायला पुष्कळांना नको वाटते आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही.

पाण्याच्या फवाऱ्याची, म्हणजे हेल्थ फॉसेटची नळी ही सार्वजनिक जागेतली सर्वांत लवकर मरणारी वस्तू. लोक फवारा बंद करून वरचा अँगल कॉक, म्हणजे नळीचे पाणी बंद करायची तोटी, उघडाच ठेवतात, नळी दिवसरात्र दाबाखाली राहते आणि एका रविवारी फुटते. शिवाय फवारा भांड्यात लोंबत राहिला आणि वाहिनीतले पाणी अचानक उतरले, तर भांड्यातले घाण पाणी उलटे नळीत ओढले जाऊ शकते. त्यामुळे नळीची लांबी एवढीच ठेवावी की फवारा सुटून पडला तरी भांड्यातल्या पाण्यापर्यंत पोहोचणार नाही. जिथे रोज देखरेख नाही, तिथे आखूड तोटी आणि साखळीने बांधलेला मग हा जुना उपाय अधिक टिकतो, कितीही ओबडधोबड दिसला तरी.

वाईट वासाबद्दल नळाला आणि भांड्याला दोष दिला जातो, पण तो बहुधा नहाणी ट्रॅपमधून, म्हणजे फरशीवरचे पाणी जिथून गटारात जाते त्या जाळीखालच्या भांड्यातून येतो. ट्रॅपमध्ये सुमारे पन्नास मिलिमीटर पाणी साचून राहते आणि तेच गटारातल्या वायूला अडवते; वापर नसलेल्या सभागृहात ते सुकले की वास आत येतो. किनाऱ्याजवळ याच ट्रॅपमध्ये वाळू बसते, म्हणून पाय धुण्याची जागा आतल्या मोऱ्यांपासून वेगळी ठेवून तिला वाळू साचण्याची स्वतंत्र कुंडी द्यावी.

अपंगांसाठीचा कक्ष हा ‘एक आडवी दांडी लावली की झाले’ असा विषय नाही. पणजीत जानेवारी २०२३ मध्ये अपंगांसाठीचा पहिला पर्पल फेस्ट हा महोत्सव भरला, तेव्हापासून गोव्यात याची चर्चा तरी होते आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सुगम्यतेचे बंधनही आहे. चाकाची खुर्ची वळायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. नळाचा दांडा लांब आणि मुठीने किंवा कोपराने ढकलता येईल असा हवा. दाबून चालवायचा नळ घ्यायचा असेल तर तो किती जोराने दाबावा लागतो हे स्वतः, एका बोटाने, दुकानात दाबून पाहावे. संधिवात असलेल्या आजींना जो नळ दाबता येत नाही, तो त्यांच्यासाठी बंदच असतो.

निविदेत ‘अमुक कंपनीचा किंवा समतुल्य’ असे लिहिले की समतुल्य म्हणजे काय हे कंत्राटदार ठरवतो. त्याऐवजी धातूचा प्रकार, आयएसआय चिन्ह, आपल्या जागेवर मोजलेला दाब, त्या दाबावर मिनिटाला किती लिटर पाणी हवे आणि आतला सुटा भाग पाच वर्षे मिळण्याची लेखी हमी, एवढे लिहावे. मंजूर झालेला एक नग सही करून कार्यालयात ठेवावा, म्हणजे बसवलेल्या नगाशी तो ताडून पाहता येतो. एका इमारतीत एकाच प्रकारचे नळ असावेत, आणि प्रत्येक नळाखाली स्वतःचा अँगल कॉक असावा. तो नसल्यास एका ठिबकत्या नळासाठी सगळ्या इमारतीचे पाणी बंद करावे लागते. सेकंदाला एक थेंब आणि थेंब पाव मिलिलिटरचा धरला, तरी दिवसाला एकवीस लिटरांहून अधिक पाणी जाते.

देयक मंजूर करण्याआधीची तपासणी लिटरभर मापाच्या जगने आणि हातातल्या घड्याळाने होते. टाकी निम्मी भरलेली असताना सगळे नळ एकदम उघडावेत, दोन फ्लश सोडावेत आणि सर्वांत टोकाच्या नळाखाली जग धरावा. त्या देवस्थानात सेन्सर काढून पाव फेरीचे लांब दांड्याचे नळ बसवल्यावर आम्ही हेच केले. टोकाच्या नळाने जग चौदा सेकंदांत भरला, म्हणजे मिनिटाला साधारण सव्वाचार लिटर. नळांसोबत घेतलेली चार जादा कार्ट्रिज (नळाच्या आतला चकत्यांचा सुटा भाग) आणि ती उघडायची चावी एका डब्यात घालून रखवालदाराच्या खोलीत खिळ्याला टांगून ठेवली आहे. गेल्या पावसाळ्यात त्यांतली दोन वापरली गेली.